अभयारण्य कोणाला अभय देते?

दिवाळीची सुटी लागली की मालवणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन बाजार भरतात. पहिला पहाटेचा, मासळीच्या लिलावाचा. रात्र समुद्रात काढून आलेल्या होड्या लागतात, बांगडा, पेडवे, सुरमई यांच्या राशी पडतात, बोली होते आणि ऊन चढायच्या आत टोपल्या उचलल्या जातात. त्यानंतर दुसरा बाजार भरतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेली कुटुंबे धक्क्यावर उभी राहतात. कोणी सिंधुदुर्ग किल्ल्यात जाण्यासाठी, कोणी डॉल्फिन पाहण्यासाठी, कोणी डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासाठी. दोन्ही बाजारांतील होड्या पुष्कळदा त्याच कुटुंबांच्या असतात. फरक असतो तो कायद्याच्या दृष्टीत. पहिल्या बाजारासाठी मच्छीमार समुद्रात उतरतो तेव्हा अभयारण्याच्या हद्दीत तो संशयित असतो. दुसऱ्या बाजारासाठी उतरतो तेव्हा तोच पर्यटनविकासाचा मानकरी ठरतो. या विसंगतीचा विचार निसर्गप्रेमी मंडळींनी फारसा केलेला नाही, आणि श्रमिकांची बाजू घेणाऱ्यांनीही तो पुरेसा केला आहे असे म्हणता येत नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यापैकी ३.१८२ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र आणि बाकीचे संरक्षक पट्ट्याचे. गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा व पद्मगडाजवळचा समुद्र येतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला, त्याच्या तटाखाली आज प्रवाळांच्या वसाहती आहेत, समुद्रशैवालांची कुरणे आहेत आणि त्यांच्या आधाराने वाढणारी असंख्य जातींची मासळी आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळांसारखे हे प्रवाळ विस्तीर्ण किंवा झगझगीत नाहीत. पाणी गढूळ, खोली थोडी, पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ अंगावर येणारा. अशा प्रतिकूल स्थितीत ते तग धरून आहेत, यातच त्यांचे शास्त्रीय महत्त्व आहे. किनाऱ्यालगत डॉल्फिनांचे थवे फिरतात. या जिल्ह्याच्या कित्येक पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात, आणि खाड्यांच्या मुखाशी कांदळवन आहे. पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते पाहावेसे वाटणे हे कोणत्याही निरोगी मनाचे लक्षण आहे.

परंतु या अभयारण्याची घोषणा ज्या रीतीने झाली तीत लोकशाहीचा अंश फार थोडा होता. गाबीत समाजाच्या ज्या वस्त्या पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर जगत आल्या, त्यांच्याशी आधी बोलून, त्यांच्या जाळ्यांची ठिकाणे आणि हंगाम समजून घेऊन सीमा आखली गेली नाही. नकाशावर रेषा आधी उमटली. तिचा अर्थ लोकांना मागाहून कळला, आणि कळला तो ‘मासेमारी बंद’ एवढाच. मच्छीमारांनी विरोध केला आणि तो आजतागायत मावळलेला नाही. परिणाम असा झाला की अभयारण्य बव्हंशी कागदावर राहिले. मासेमारी चालूच राहिली, कारण ती बंद करण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही. आणि संरक्षणही झाले नाही, कारण लोकांशी बोलण्याची इच्छा कोणत्याही खात्याला झाली नाही.

येथे कायद्याची भाषा थोडी बारकाईने पाहिली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल हे सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि अभयारण्यात राहणाऱ्या व्यक्तीशी करावयाचा कायदेशीर व्यवहार, अशी ती कारणे आहेत. पर्यटनाचे नाव या यादीत स्पष्टपणे आहे. पोटासाठी जाळे टाकणे या यादीत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाघाचे जंगल होते, समुद्र नव्हता, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. ही उणीव संसदेच्या पुढे लक्षात आली असावी. १९९१ च्या दुरुस्तीने असे घातले गेले की अभयारण्यात सागरी जलाचा समावेश करताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करावा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी तजवीज करावी. तरतूद चांगली आहे. मात्र मालवणची घोषणा तिच्या चार वर्षे आधीची. ज्या गावाला या तजविजीची सर्वांत अधिक गरज होती, त्याच्यापर्यंत ती उलट पावलांनी जाऊन पोहोचली नाही.

दरम्यान पर्यटनाने आपला मार्ग स्वतःच काढला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने या किनाऱ्याच्या जैवविविधतेसाठी पुढील काळात एक प्रकल्प राबवला गेला, तारकर्लीला पाणबुडीच्या खेळाचे प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था उभी राहिली, आणि पाहता पाहता मालवण, तारकर्ली, देवबाग ही नावे शहरी मध्यमवर्गाच्या सुट्यांच्या वेळापत्रकात जाऊन बसली. अभयारण्य आहे हे ठाऊक नसलेले लोक अभयारण्यात हजारोंनी उतरू लागले.

या पर्यटनाकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार निदान समाजवाद्यांना नाही. हा प्रदेश म्हणजे नाथ पै आणि मधु दंडवते यांचा जुना राजापूर मतदारसंघ. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर या खेड्यांच्या चुली पेटत होत्या, आणि १९८२ च्या संपानंतर त्या मनिऑर्डरी आटल्या तेव्हा घरोघर काय अवस्था झाली हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. अशा प्रदेशात वीस-बावीस वर्षांचा तरुण मुंबईच्या खोलीत चार जणांत वाटा न घेता स्वतःच्या गावच्या किनाऱ्यावर कमावू लागतो, ही मामुली गोष्ट नव्हे. घरची एक खोली पाहुण्यांना देऊन, त्यांना सोलकढी-भात वाढून एखादी विधवा मुलाच्या शिक्षणाचा खर्च काढते, हेही मामुली नव्हे. प्रश्न पर्यटन असावे की नसावे हा नाहीच. त्याचे उत्पन्न कोणाच्या हाती जाते आणि त्याची झीज कोणाच्या वाट्याला येते, हा आहे.

अर्थशास्त्रात ‘खंड’ म्हणून एक संकल्पना आहे. रिकार्डोने १८१७ साली ती जमिनीच्या संदर्भात मांडली. जमिनीची मूळची सुपीकता कोणी निर्माण केलेली नसते. तरीही तिच्यामुळे श्रम आणि भांडवल यांचा मोबदला वजा जाता जे अधिक उरते ते मालक खिशात घालतो. मालवणच्या प्रवाळांना हीच संकल्पना लावून पाहावी. प्रवाळ कोणी पेरले नाही. डॉल्फिनला कोणी पगार देत नाही. होडीवाल्याची मजुरी, इंजिनाचे तेल, साधनांची झीज, पाण्यात सोबत उतरणाऱ्या पोराचे वेतन एवढे वजा केल्यावर पर्यटकाने मोजलेल्या पैशातून जे उरते तो निसर्गाचा खंड होय. तो न्यायाने निसर्गाच्या जपणुकीकडे आणि ज्यांनी आजवर हे पाणी राखले त्या समाजाकडे गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो कोठे जातो? काही भाग शहरात बसून गिऱ्हाईक पाठवणाऱ्या मध्यस्थाच्या दलालीत जातो. बराच मोठा भाग किनाऱ्यालगतच्या जमिनीच्या किमतीत मुरतो, आणि ती जमीन तर गावातल्या माणसाच्या हातून सुटत चालली आहे. होडीवाल्यापाशी उरते ती मजुरी, आणि तीही स्पर्धेने खाली ओढलेली.

ही स्पर्धा हेच या प्रश्नाचे मर्म आहे. धक्क्यावर शेजारी शेजारी उभे असलेले दहा जण एकाच गिऱ्हाइकाला हाका मारतात. प्रत्येक जण दर उतरवतो. उतरलेल्या दरात परवडावे म्हणून होडीत माणसे अधिक घेतो, फेऱ्या वाढवतो, प्रत्येक पर्यटकाची पाण्यातील मिनिटे कमी करतो. पोहता न येणारा नवखा माणूस घाईने पाण्यात उतरवला की त्याचे पाय आधार शोधतात, आणि पायाखाली प्रवाळ असते. नांगर सोयीच्या जागी टाकला जातो. सोयीची जागा प्रवाळाचीच असते, कारण पाहावयाचे तेच असते. गिऱ्हाइकाला मासे जवळून दिसावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकण्याची रीतही पडली आहे. डॉल्फिनचा थवा दिसताच चारी बाजूंनी होड्या धावतात आणि ज्याला पाहावयाचे त्यालाच पळवून लावतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर काही दिवस नियमांची चर्चा झाली. पण दराची स्पर्धा जोवर आहे तोवर सुरक्षिततेचा प्रत्येक नियम हा होडीवाल्याला खर्चाचा एक आकडा वाटणार, हे उघड आहे.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांचा अभ्यास करून २०२० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. पाणबुड्या पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळांची मोडतोड होते, हे त्यांनी नोंदवले. समुद्र तापलेल्या वर्षांत हे प्रवाळ पांढरे पडतात, म्हणजे त्यांच्या आश्रयाने राहणारी व त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले त्यांना सोडून जातात, हेही त्याच संस्थेच्या अभ्यासांतून दिसले आहे. तापाने आजारी पडलेल्या माणसाच्या छातीवर पाय देऊन उभे राहावे, तसा हा प्रकार आहे. समुद्राचे तापमान मालवणच्या ग्रामसभेच्या हातात नाही. पाय कोठे ठेवावा हे तरी आहे.

या निबंधाच्या शीर्षकात गॅरेट हार्डिन याच्या प्रसिद्ध शब्दप्रयोगाला मुरड घालून जबाबदारीच्या अभावावर बोट ठेवले आहे. हार्डिनने १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले होते की सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक गुरू वाढवीत जातो आणि शेवटी कुरणाचा नाश होतो. भांडवलदारी अर्थतज्ज्ञांना हा सिद्धान्त फार आवडला, कारण त्यातून खासगी मालकीचे समर्थन निघते. नोकरशाहीलाही आवडला, कारण त्यातून सरकारी कुलूप लावण्याचे समर्थन निघते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरच्या मच्छीमारांच्या, पाटबंधाऱ्यांच्या आणि डोंगरी कुरणांच्या व्यवस्था तपासून १९९० मध्ये दाखवून दिले की सामाईक आणि बेवारशी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोक एकत्र येऊन नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, मोडणाऱ्याला दंड करतात आणि संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकवतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मालवणात १९८७ पासून घडले ते हे की जो समुद्र सामाईक होता तो कायद्याने सरकारी झाला, आणि सरकारने सांभाळला नाही म्हणून बेवारशी झाला.

वस्तुतः मालवणच्या माणसाला ऑस्ट्रॉम वाचण्याची गरज नव्हती. त्याच्यापाशी रापण होती. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढण्याची ही पद्धत एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तिला पुळणीवर माणसांच्या दोन रांगा लागतात. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. कोणत्या संघाने केव्हा आणि कोठे जाळे टाकावयाचे याचे संकेत असतात. याच रापणीच्या बळावर शेजारच्या गोव्यात १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकारांचा लढा उभा राहिला, मथानी साल्ढाणांसारखे नेतृत्व त्यातून पुढे आले, आणि किनाऱ्याजवळचा समुद्र छोट्या मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यांना चालना मिळाली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. रापण आज क्षीण झाली आहे. तिची मासळी पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटींनी वरच्यावर उचलली. परंतु वाट्याची कल्पना लोकांच्या स्मरणातून गेलेली नाही, आणि पर्यटनाच्या उत्पन्नाला तीच लावता येण्याजोगी आहे.

म्हणजे काय? प्रवाळ पाहण्यासाठी दिवसाला किती माणसे पाण्यात उतरू शकतात ही संख्या शास्त्रज्ञांनी आणि मच्छीमारांनी एकत्र बसून ठरवावी. त्या संख्येइतक्याच फेऱ्या नोंदल्या जाव्यात. होड्यांनी पाळीने जावे. हाका मारण्याचे कारणच उरू नये. दर एकच असावा आणि तो संघाने घ्यावा. संध्याकाळी वाटे पडावेत: होडीचा, सोबत उतरणाऱ्याचा, आणि एक वाटा समुद्राचा, ज्यातून कायम बांधलेल्या तरंगत्या पिंपांची व्यवस्था होईल आणि प्रवाळावर नांगर टाकण्याची वेळ येणार नाही. यात क्रांतिकारक असे काही नाही. जिल्ह्यातच याचे अंकुर आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या बचत गटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवीत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्या मच्छीमार कुटुंबांतल्या आहेत. कोणत्या झाडाच्या मुळांशी कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. जिल्ह्याबाहेर, मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये तेथे कासवांच्या अंड्यांच्या संरक्षणाचे काम गावकऱ्यांच्या हातांनी सुरू केले, आणि पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याच्या दिवसांत येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. पूर्वी जी अंडी खाल्ली किंवा विकली जात, त्यांच्यावर गाव पहारा देऊ लागले. पिल्लांचे बाहेर येणे मात्र घड्याळाच्या हुकमतीत नसते. लांबून आलेला पाहुणा एखादे दिवशी रिकाम्या हाताने परततो आणि कुरकुरतो. त्याने कुरकुरावे, कासवाने त्याच्यासाठी घाई करू नये, एवढे शहाणपण त्या गावाने सांभाळले आहे.

संख्येवर मर्यादा म्हटली की एक आक्षेप येतो, आणि तो डावीकडून आला पाहिजे. मर्यादा घालावयाची तर दर भरमसाट वाढवावा, म्हणजे गर्दी आपोआप ओसरेल, हा बाजारवाद्यांचा उपाय आहे. त्याने गर्दी ओसरेल हे खरे. पण ओसरतील ते एस. टी.ने येणारे, आणि उरतील ते विमानाने येणारे. मोकळी हवा, समुद्र, पक्षी, मासे पाहण्याचा आनंद ही श्रीमंतांची मिरास नव्हे. १९३६ साली फ्रान्समध्ये लिऑन ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवून दिली, तेव्हा हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. फुरसत हा श्रमाचाच दुसरा हक्क आहे, हे समाजवादी चळवळीने जगाला शिकवले. तेव्हा जी संख्या ठरेल तीत शाळांच्या सहलींसाठी, कामगार संघटनांसाठी राखीव जागा असाव्यात, आणि त्या पैशाने नव्हे तर पाळीने मिळाव्यात. किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमाराच्या मुलांना तर दर हंगामात एक फेरी विनामूल्य मिळाली पाहिजे. ज्या प्रवाळामुळे बापाच्या जाळ्यात मासळी येते ते प्रवाळ दिसते कसे, हे पुण्याच्या मुलाला माहीत आणि दांडीच्या मुलाला नाही, ही स्थिती शोभादायक नाही.

आता कार्यकर्त्यांनी स्वतःच्या बाजूकडेही पाहावे. अभयारण्याला विरोध करणे सोपे होते, आणि विरोध रास्तही होता. पण विरोधाच्या पलीकडे जाऊन पर्यायी आराखडा मांडण्याचे काम झाले नाही. ‘अभयारण्य रद्द करा’ ही घोषणा आज कोणाच्या सोयीची आहे याचा विचार व्हावा. ते रद्द झाले तर छोट्या मच्छीमाराला संरक्षण मिळणार नाही. बड्या जाळ्यांना आणि बड्या हॉटेलांना मोकळे रान मिळेल. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या साह्याने होणारी मासेमारी बंद केली. दोन्ही हुकूम मोडले गेल्याच्या तक्रारी घेऊन मालवणच्या मच्छीमारांना वारंवार रस्त्यावर यावे लागले. ज्या अभयारण्याची सीमा पारंपरिक जाळ्यांना खुली आणि यांत्रिक जाळ्यांना बंद असेल, ते मच्छीमाराचे शत्रू राहणार नाही. उलट ओडिशातील गहिरमाथ्याचे उदाहरण सावधगिरीचे आहे. तेथे १९९७ मध्ये कासवांसाठी अभयारण्य झाले. कासवे वाचावीत याविषयी दुमत नसले तरी महिनोन् महिने बंद असलेल्या समुद्राचा भार छोट्या मच्छीमार कुटुंबांनी वाहिला. मालवणने ‘संरक्षण नको’ आणि ‘मच्छीमार नको’ या दोन्ही टोकांना नकार द्यावयास हवा.

पुळणीची गोष्ट वेगळीच. २०१९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला आणि पुळणींवर पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना वाट मोकळी केली. जेथे होडी ओढून ठेवावयाची, जाळे वाळवावयाचे, मासळी सुकवावयाची, तेथे खुर्च्या आणि छत्र्या मांडल्या जातात. सुकत्या मासळीचा वास पाहुण्यांना सोसत नाही, मग ती मागे सरते. कोणी हुकूम काढत नाही, कोणी हुसकावत नाही. जागाच राहत नाही. याच काळात नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन झाली, आणि निवतीजवळ तिला जलसमाधी देऊन समुद्राखालचे संग्रहालय करण्याची योजना पुढे आली. बुडवलेल्या नौकेवर कालांतराने सागरी जीव वस्ती करतात, हे खरे. गर्दीचा काही भार तिकडे वळला तर मालवणच्या प्रवाळांना विसावा मिळेल, हेही शक्य आहे. पण त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांना विश्वासात न घेता हे झाले, तर १९८७ चीच पुनरावृत्ती होईल.

या साऱ्यात वनखाते, मत्स्यव्यवसाय खाते, सागरी मंडळ, पर्यटन महामंडळ आणि जिल्हाधिकारी असे पाच धनी आहेत, आणि पाच धन्यांच्या घरी जे होते ते होते. त्यांना एका चटईवर बसवण्याचे काम सहावा कोणी करणार नाही; ते मच्छीमार सहकारी संस्था, ग्रामपंचायती आणि नगरपरिषद यांनाच करावे लागेल. कार्यकर्त्यांनी सभा-मोर्च्यांच्या आधी वहीपेन्सिल घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडावे. कोणत्या महिन्यात कोणते जाळे कोठे पडते, कोणाची किती होड्यांची उपजीविका आहे, पर्यटनातून घरात किती येते आणि कर्जफेडीत किती जाते, हे लिहून काढावे. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ यासाठी उत्तम. होड्या शाकारलेल्या असतात, पाण्यातले खेळही पावसाळ्यात बंद असतात आणि माणसे घरी भेटतात.

आणि ही नोंद करताना फक्त होडीमालकांची नावे लिहून परतू नये. सुकतीला खडपांवर बसून कालवे फोडणारी, खुबे वेचणारी बाई कोणत्याही संघाच्या वहीत नसते. ती मच्छीमार सहकारी संस्थेची सभासद नाही, पर्यटनाच्या परवान्यात तिचे नाव नाही, आणि गाभा क्षेत्राची रेषा खडपांपर्यंत आली तर पहिली टोपली तिची रिकामी होणार आहे. रापणीत दोर धरणाऱ्यालाही वाटा होता. नव्या वाट्यात तिचा वाटा किती, हे पहिल्याच बैठकीत ठरले पाहिजे. ती बैठक भरतीच्या वेळी बोलवावी लागेल. सुकतीच्या वेळी बोलावली तर ती येऊ शकणार नाही.